खाप्याची गाठ

१

मशिनी दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी एक खास छळ असतो. तो समोर उभा असला की मशीन शहाण्या मुलीसारखी चालते, आणि त्यानं पाठ फिरवली की पुन्हा रडायला लागते. अंकुशला याची सवय होती. सगळ्या नागपुरात लोकांच्या मशिनी उघडण्यात त्याची निम्मी उमर गेली होती. पण ही मशीन त्याच्या स्वतःच्या बायकोच्या दुकानातली होती, आणि भर उन्हाळ्यात तिच्यामागच्या बोळकांडीत उताणं पडायची वेळ आल्यावर त्याचं डोकंच फिरलं.

दुकान नंदनवनात, वसतिगृहांच्या रांगेत. पोरापोरींनी कपडे आणायचे, श्वेतानं मशिनीत टाकायचे, संध्याकाळी घडी करून द्यायचे. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या चार मोठ्या मशिनी अंकुशनं स्वतः उघडून, घासूनपुसून, नव्यासारख्या करून तिला दिल्या होत्या. मशिनींच्या पाठीमागे भिंतीलगत एक बोळ होता, इतका अरुंद की आडवं होऊनच शिरावं लागे. बोळात फरशीखाली नाली, आणि चारही मशिनींचं पाणी तिच्यातून कोपऱ्यातल्या चेंबरात जायचं.

प्रत्येक मशिनीच्या पोटाखाली एक ड्रेन वॉल्व्ह असतो, म्हणजे पाणी सोडायची झडप. वीज असते तोवर छोटी मोटर ती झडप दाबून बंद ठेवते आणि पाणी टबात थांबतं. धुणं झालं, किंवा वीज गेली, की आतली स्प्रिंग झडप उघडते. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. वीज गेली तरी लोकांचे कपडे पाण्यात कुजत पडत नाहीत. हे त्यानं श्वेताला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"वीज गेली का उघडते. ध्यानात ठेव."

"तुह्या तोंडाचं बी तसंच आहे गा," ती म्हणाली होती. "घरची लाइन गेली का सुरू होते."

चौथ्या मशिनीचं दुखणं साधं होतं. वरून पाणी भरत राही आणि खालून गळत राही. टब काही भरेना, आणि थोड्या वेळानं मशीन शिट्ट्या मारत थांबून जाई. अंकुशनं मीटर लावून पाहिलं, वीज येत होती. मोटरला कान लावला, मोटर फिरत होती. म्हणजे झडपेत काहीतरी अडकलंय. त्यानं पाइपाचा पट्टा सैल केला, वॉल्व्ह काढून उजेडात धरला, आणि आत बोट घातलं.

आत एक पांढरा नाडा होता.

२

सलवारीचे, परकराचे, पायजम्याचे नाडे हे या धंद्यातलं जुनं दुखणं. धुण्यात नाडा सुटतो, छिद्रातून निघतो आणि थेट झडपेत जाऊन बसतो. त्यावर उपाय प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असतो. धुण्याआधी नाड्याची दोन टोकं एकमेकांना बांधून टाकायची.

श्वेता तर त्यातली उस्ताद. ती खापा गावची, हातमागवाल्यांच्या घरातली. तुटलेला धागा जोडायची विणकरांची एक गाठ असते, बारीक, चपटी, ओढाल तितकी घट्ट होणारी. ती गाठ श्वेता बोलता बोलता, न बघता मारायची. अंगठ्यावर एक टोक, त्यावर दुसरं आडवं, एक वळसा, एक झटका, झालं. ती सुटत नसे, कापावीच लागे. पोरी कुरकुर करायच्या, "ताई, तुमची खाप्याची गाठ खोलता खोलता नखं तुटतात!" त्यावर ती म्हणायची, "नखं वाढतात वं, नाडा गेला तर कुठून आणशील?" तर्जनीवर इस्त्रीचा चटका बसून तिथं चिंचोक्याएवढा डाग पडला होता. त्या बोटानंही तिचा वेग कमी झाला नव्हता.

आणि अशा बाईच्या दुकानात नाडा झडपेत जातो म्हणजे काय!

"श्वेता, काहून वं, गाठी मारणं सोडलं का?" तो बोळातूनच ओरडला.

"मारते ना अहो," समोरून शांत आवाज आला.

हे 'अहो' गुढीपाडव्याच्या आसपास सुरू झालं होतं. त्याआधी सगळ्या गल्लीदेखत ती नवऱ्याला एकेरीत 'गा' म्हणायची. अंकुशची आई मीराबाई कन्हानहून आली की कपाळाला हात लावायची. "नवऱ्याले कोणी गा म्हणते का?" सासू बोलून बोलून थकली, पण सून बदलली नाही. मग एक दिवस अचानक बदलली. भांडण बंद, टोमणे बंद, 'अहो' सुरू. अंकुशनं मनोमन आईला हात जोडले. सुख आपल्या पायानं घरी आलं तर त्याला कोण विचारतं, तू कुठून आलंस म्हणून?

त्यानं नाडा ओढला. तो निघाला, पण त्याच्या मागे आणखी एक होता, गुलाबी. दोघांना एकमेकांशी गाठ मारलेली होती.

"काय भानगड करून ठेवली ही," तो पुटपुटला. दोन्ही नाडे भिंतीवर फेकले, वॉल्व्ह बसवला आणि बाहेर आला. मशीन छान चालली. अर्थातच.

३

चार दिवस बरे गेले, मग पुन्हा फोन. अंकुश तेव्हा वर्धमाननगरात दुसऱ्या एकाच्या मशिनीत अडकला होता. उन्हानं डांबर वितळत होतं, आणि तो शिव्या देत गाडी हाणत आला.

या वेळी वॉल्व्ह उघडल्यावर त्यानं तो उजेडात दोनदा फिरवून पाहिला. वरून पडलेली वस्तू झडपेत कशी अडकते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तिचा गोळा होतो, लोंबतो, कडेला दाबला जातो. हा नाडा तसा नव्हता. त्याचं टोक झडपेच्या दांड्याला दोन वेढे देऊन नीट बांधलेलं होतं. आणि बाकीचा नाडा खाली, नालीकडे जाणाऱ्या पाइपात गेला होता. जणू कोणी तो खालून वर आणून दांड्याला अडकवला होता.

पाण्याच्या भोवऱ्यात काय वाट्टेल ते होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खिशात ठेवलेल्या इअरफोनच्या वायरीला गाठी कोण मारतं? तशाच या. हा विचार त्याला पटला, आणि तो ओढू लागला.

पांढरा, मग काळा, मग टिकल्यांचा कुठल्यातरी लेहेंग्याचा, मग परकराचा जाडा सुती. एकाला एक बांधलेले. प्रत्येक गाठ बारीक, चपटी. हातभर झाले, पुरुषभर झाले, तरी संपेनात. तेवढ्यात पाइपातून आवाज आला, लांबून, नळीतून कोणी बडबडावं तसा. कुरकुरल्यासारखा. अंकुशनं कान लावला तर थांबला.

"हवा," तो मोठ्यानं म्हणाला. पाइपात हवा कोंडली की असंच बोलते. त्यानं हे शेकडो ग्राहकांना सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

ढिगारा उचलून तो समोर गेला. "हे पाह्य! हे काय आहे? तू गाठी मारते का मशिनीतले भूत मारतात?"

श्वेता टेबलामागे बसून टॉवेल घडी करत होती. एकावर एक, कडेला कड. तिनं ढिगाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हसली.

"राहू द्या ना अहो. ठेवा इथं."

दोन महिन्यांपूर्वी तिनं टॉवेल फेकून मारला असता. 'मशीन तुले नीट होत नाही आन् माह्यावर कायले खेकसते गा?' असं विचारलं असतं, आणि बरोबरच विचारलं असतं. अंकुशला भांडायची केवढी खुमखुमी होती! समोरून काहीच येईना तेव्हा तो पाय आपटत पुन्हा बोळात शिरला.

४

त्यानं वॉल्व्हच बदलला. नवा आणला, त्याच्या तोंडावर पितळेची बारीक जाळी बसवली. टबातून नाडा काय, केसही खाली जाणार नाही अशी. स्वतःच्या कामावर तो खूश झाला.

दुसऱ्याच दुपारी फोन. "अहो, पाणी थांबून नाही राहिलं."

जाळी जशीच्या तशी होती. तिच्यावर दोन बटणं आणि एक हेअरपिन, बस्स. आणि जाळीच्या खाली, झडपेच्या दांड्याला वेढे घालून, नाडा.

अंकुशच्या कानशिलावरून घाम वाहत होता. त्या बोळात कूलरची हवा पोचत नव्हती. पाठीखाली ओली फरशी, नाकाशी साबण आणि नालीचा वास. कसं, हा विचार करायला त्याला वेळ नव्हता. त्याला फक्त चीड आली होती, आंधळी चीड, जी मेकॅनिकला बिघाडाची नाही, बिघाडाच्या हट्टाची येते. एका मोठ्या वसतिगृहाचं काम त्याच दिवशी यायचं होतं. श्वेतानं ते किती खेटे घालून मिळवलं होतं! चौथी मशीन चालली नाही तर ते जाणार, आणि ते गेलं तर हे दुकान उभं राहणार नाही. लोक म्हणणार, नवरा मेकॅनिक आणि बायकोच्या मशिनी बंद.

त्यानं दोन्ही हातांनी नाडा धरला आणि ओढला. एकामागून एक येत गेले. मग ताण बसला. पाय भिंतीला टेकवून त्यानं सगळा जोर लावला. नाडा तारेसारखा ताणला गेला, पण हलेना.

आणि मग पाइपात पुन्हा ती कुरकुर सुरू झाली, आणि खालून दोन झटके आले. लहान, लागोपाठ.

दोघं मिळून चादर झटकताना श्वेता असेच दोन झटके द्यायची. म्हणजे, लक्ष कुठं आहे तुझं, नीट धर.

नालीत साचलेल्या पाण्याचा हिसका, त्यानं ठरवलं. वजनदार काही अडकलंय, ते हेलकावतंय. त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि नाडा कापला. कापलेलं टोक सर्रकन पाइपात गेलं.

पाइपातली कुरकुर एकदम थांबली.

वर ओढलेला सगळा गुंता त्यानं श्वेताच्या टेबलावर नेऊन आपटला. "झालं. आता पाहतो कशी अडते ते."

"छान केलं अहो," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

५

खरंच, त्यानंतर मशीन अडली नाही. वसतिगृहाचे गठ्ठे आले, धुतले गेले, परत गेले. दुकान चालू लागलं. अंकुश लोकांना सांगत फिरला, असा बिघाड जन्मात पाहिला नव्हता, पण काढला.

ते गठ्ठे घेऊन येणारी बाई म्हणजे जिजाबाई, वसतिगृहात कामाला असलेली, तोंडानं फटकळ. एका दुपारी अंकुश दुकानात बसला असताना ती आली आणि एक सलवार त्याच्या पुढ्यात टाकली.

"अंकुश भाऊ, बायकोले सांगा जरा. पोरी माह्या जिवावर उठल्या. नाडे सुटून येऊन राहिले. हे पाहा, ही कायची गाठ?"

साधी गाठ होती. बुटाची लेस बांधतात तशी, ढिली.

"आन् ही पाहा पहिलेची." जिजाबाईनं आपल्याच पिशवीची दोरी दाखवली. तिथं एक बारीक, चपटी गाठ होती. "होळीच्या टायमाले श्वेतानं बांधून देली होती, बोलता बोलता. अजून हलली नाही. काहून असं करून राहिली हे पोरगी? बरं नाही का तिले?"

अंकुशनं ती गाठ बोटांत धरली. झडपेतल्या नाड्यांच्या गाठी त्याला आठवल्या. एकूण एक अशाच होत्या. ही गाठ दुकानात एकाच बाईला येत होती, आणि ती गेले कित्येक दिवस लेसची गाठ मारत होती.

जिजाबाई गेल्यावर तो टेबलापाशी गेला. उगीच हसत म्हणाला, "श्वेता, ते तुही खाप्याची गाठ मारून दाखव ना."

"कोणती?"

"मस्करी नको करू. दाखव."

तिनं समोरचा नाडा घेतला, दोन टोकं जुळवली, आणि फार काळजीपूर्वक, नव्यानं शिकलेल्या माणसासारखी, जीभ दातांत धरून लेसची गाठ मारली. मग त्याच्याकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघत.

"मी आणून देले ते नाडे कुठं आहेत?" त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं.

"ते? सोडवले ना सगळे. ज्याचे त्याले देऊन टाकले."

त्या गाठी सुटत नसत. कापाव्याच लागत.

तेव्हा त्याला पाडव्याचा आदला दिवस आठवला. त्या दुपारी श्वेताचा फोन आला होता, नेहमीसारखा तडतडत. "येतं का नाही गा? चौथीचं पाणी तुंबलं, आन् मागं कायचा आवाज येऊन राहिला. मीच पाहते आता टॉर्च घेऊन, तुह्या भरवशावर कोण राहील!" तो आला तेव्हा ती टेबलामागे शांत बसली होती. केस ओले होते. त्यानं विचारलं, काय झालं. तर म्हणाली, "काही नाही झालं अहो."

पहिलं 'अहो' ते होतं. आणि त्याला किती बरं वाटलं होतं.

६

चारही मशिनी भरून चालल्या होत्या. अंकुश बोळात शिरला. मी फक्त नाली पाहतोय, तो मनाशी म्हणत होता. चेंबर ढोपरभर खोल आहे, पाइपात पपई जेमतेम जाईल. माणूस मावत नाही. मी तो स्वतः बसवलाय. माणूस मावत नाही.

त्यानं कोपऱ्यातली फरशी पहारेनं उचलली आणि टॉर्च मारला.

चेंबर कोरडं होतं, तळाशी थोडी ओल. समोरच्या भिंतीत बाहेरच्या गटाराकडे जाणाऱ्या नालीचं काळं तोंड. त्या तोंडाच्या काठावर नाड्याचं एक टोक पडलं होतं, पांढरं, ब्लेडनं सरळ कापलेलं.

ते टोक हललं. आतून दोन बोटं आली, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी पांढरीफटक, सुरकुतलेली. त्यांनी टोक चाचपून अंगठ्यावर घेतलं. त्यावर दुसरं टोक आडवं घ्यायला तर्जनी पुढे आली, हवेत फिरली, काठ चाचपला, पुन्हा हवेत फिरली. दुसरं टोक नव्हतंच. तरी बोटांनी वळसा घेतला, झटका दिला, आणि रिकामी गाठ सुटून पडली. मग पुन्हा पहिल्यापासून.

तर्जनीवर चिंचोक्याएवढा डाग होता.

अंकुश फरशीवर पालथा झाला, खांद्यापर्यंत हात आत घातला. अजून वीतभर कमी पडत होता. त्याचा श्वास त्या भोकात घुमला असावा, कारण बोटं थबकली.

"आलास का गा?" आतून आवाज आला. चिडलेला, दमलेला, ओळखीचा. "किती वेळ! अन् कापला कायले मूर्खा?"

तो रडायला लागला. त्या आवाजासाठी, त्या शिवीसाठी त्याचा जीव किती दिवस तळमळत होता हे त्याला त्या क्षणी कळलं. "थांब," तो म्हणाला, "थांब श्वेता, दोरी आणतो, हात दे, हात—"

"अहो, झालं का?"

बोळाच्या तोंडाशी ती उभी होती. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर माया. एका हातात चहाचा कप. दुसरा हात भिंतीवरच्या मेन स्विचवर.

अंकुशनं मान वळवली. त्याच्या कानाशी चार मशिनी घुमत होत्या. चारही टब काठोकाठ भरलेले. चारही झडपा बंद, मोटरच्या जोरावर, वीज होती तोवर.

"मेनला हात नको लावू," तो म्हणाला. "श्वेता... तू जे कोणी असशील... पाया पडतो. बंद नको करू."

"असं काय करता?" ती हसली. "तुम्हीच तर शिकवलं ना पहिल्याच दिवशी. वीज गेली का उघडते."

तिनं स्विच खाली केला.

पंखे, कूलर, मशिनी, सगळं एकदम निजलं. मग खालून चार आवाज आले, खट, खट, खट, खट, स्वच्छ आणि वेळेवर. अंकुशनं पसरलेला हात तसाच होता. बोटांना बोटं लागली होती, नुसती टोकं, आणि नालीत पाणी गर्जत येत होतं.

एकही झडप अडकली नाही.